दंतोपचार आणि शुद्धीच्या पायऱ्या

दातांचे दुखणे हे मनुष्यजातीच्या फार जुन्या दुखण्यांपैकी एक होय आणि त्यावरील उपचाराचे भयही जवळजवळ तितकेच जुने आहे. किडलेली दाढ रात्रभर ठणकते, गाल सुजतो, घास चावता येत नाही. तरीही ‘आज नको, पुढे पाहू’ असे म्हणत माणसे महिनेच्या महिने काढतात. लवंगेच्या तेलाने ठणका काही काळ थांबतो, परंतु दाढेच्या मुळाशी साचलेला पू तेवढ्याने नाहीसा होत नाही. तो जबड्याच्या हाडात पसरतो आणि क्वचित प्रसंगी जिभेखालून गळ्याकडे उतरून श्वासमार्गच दाबून टाकतो. जे काम दंतवैद्याच्या खुर्चीवर अर्ध्या तासात झाले असते, त्यासाठी मग रुग्णालयात दाखल होऊन प्राण वाचविण्याची वेळ येते. दंतोपचाराचे भय ही म्हणूनच हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

हे भय दूर करण्याचे अनेक उपाय आज उपलब्ध आहेत. नाकाने हुंगावयाचा सौम्य वायू, तोंडाने घ्यावयाचे औषध, शिरेतून द्यावयाचे औषध आणि अखेरीस पूर्ण भूल, अशी त्यांची चढती श्रेणी आहे. प्रत्येक उपायाचा काही लाभ आहे आणि काही मोलही आहे. हे उपाय कसे कार्य करतात, त्यांच्यात भेद कोणता आणि त्यांपैकी कोणता केव्हा योग्य ठरतो, ह्याचा विचार ह्या लेखात केला आहे.

वेदना आणि भय

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन निराळ्या गोष्टींचा त्रास होत असतो. एक वेदनेचा आणि दुसरा भयाचा. वेदना दातात व हिरडीत उत्पन्न होते आणि मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूकडे जाते. भय मेंदूतच उत्पन्न होते. म्हणून ह्या दोहोंवरील औषधेही निराळी आहेत.

वेदनेवरील मुख्य उपाय स्थानिक बधिरीकरण हा होय. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या विद्युत्भारित कणांना आत शिरण्यासाठी सूक्ष्म द्वारे असतात. हे कण आत शिरले की संदेश मज्जातंतूच्या लांबीतून पुढे सरकतो. बधिर करणारे औषध ही द्वारे काही काळ बंद करते आणि संदेश वाटेतच थांबतो. स्वीडनमध्ये १९४३ साली नील्स लफग्रेन ह्यांनी तयार केलेले लिग्नोकेन हे औषध १९४८ पासून वापरात आले आणि जगभर आजही वापरले जाते. त्यात बहुधा थोडे अ‍ॅड्रिनॅलीन मिसळलेले असते. त्यामुळे आसपासच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध रक्तात लवकर वाहून जात नाही आणि बधिरपणा अधिक काळ टिकतो. खालच्या जबड्याच्या मागील बाजूस, आतून, योग्य ठिकाणी एक सुई टोचली तर त्या बाजूचे खालचे सर्व दात आणि अर्धा ओठ बधिर होतो.

ह्या उपायाला एक मर्यादा आहे. दाढेखाली पू झालेला असल्यास तेथील पेशीजाल आम्लधर्मी बनते आणि आम्लधर्मी परिसरात हे औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरू शकत नाही. ‘सुई दिली तरी दुखले’ असे जे पुष्कळ लोक सांगतात, त्याचे हे एक कारण आहे. म्हणजे उपचार जितका लांबणीवर टाकावा तितके बधिरीकरणही कठीण होते आणि भयाला अधिकच बळ मिळते.

भय वेगळ्या रीतीने काम करते. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात त्याच्या स्वतःच्या शरीरातील अ‍ॅड्रिनॅलीन वाढते, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात आणि साधा स्पर्शही वेदनेसारखा भासतो. अशा माणसाची हिरडी पूर्ण बधिर असली तरी तो खुर्चीत स्वस्थ बसू शकत नाही. येथे शामक उपायांची गरज लागते. परंतु शामक औषध भय कमी करते, वेदना थांबवितेच असे नाही. म्हणून शामक दिले तरी हिरडीत बधिर करणारी सुई बहुधा द्यावीच लागते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन समजण्यास सोपे जाईल.

दंतवैद्यांनी लावलेला शोध

वैद्यकाच्या इतिहासात एक लक्षणीय गोष्ट अशी आढळते की, शस्त्रक्रियेतील भुलेचा प्रसार करण्यात दंतवैद्यांचा वाटा फार मोठा आहे. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रीस्टली ह्यांनी १७७२ मध्ये तयार केला. हम्फ्री डेव्ही ह्यांनी तो स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग होऊ शकेल असे १८०० साली लिहून ठेवले. तथापि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे हा ‘हास्यवायू’ केवळ करमणुकीच्या खेळांत वापरला जात होता.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड ह्या गावी १० डिसेंबर १८४४ रोजी गार्डनर कोल्टन ह्यांचा असाच एक खेळ झाला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला वेदना जाणवली नाही. प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स ह्यांनी ही गोष्ट हेरली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्टन ह्यांच्याकडून तो वायू हुंगून आपलीच एक दाढ जॉन रिग्ज ह्या सहकाऱ्याकडून काढून घेतली. प्रयोग यशस्वी झाला. परंतु १८४५ च्या जानेवारीत बॉस्टन येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या प्रात्यक्षिकात रोगी ओरडला आणि वेल्स ह्यांची हेटाळणी झाली. वायूची पिशवी वेळेपूर्वीच काढली गेली, असे वेल्स ह्यांनी त्याचे कारण दिले. त्यांचेच पूर्वीचे शिष्य व भागीदार विल्यम मॉर्टन ह्यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. मॉर्टन हेही दंतवैद्यच होते.

वेल्स ह्यांच्या अपयशामागे वायूचा एक अंगभूत गुणधर्मही होता. नायट्रस ऑक्साइड हा दुर्बळ वायू आहे. हवेच्या नेहमीच्या दाबाला, पुरेशा प्राणवायूबरोबर दिला असता, एकट्याने तो माणसाला पूर्ण बेशुद्ध करू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात तो निर्भेळ स्वरूपात देत असत. त्यामुळे रोगी बेशुद्ध होई खरा, पण त्यात प्राणवायूच्या अभावाचाही वाटा असे आणि रोग्याचा चेहरा निळा पडे. शिकागो येथील शल्यवैद्य एडमंड अँड्र्यूज ह्यांनी १८६८ मध्ये ह्या वायूत प्राणवायू मिसळण्याची रीत सुचविली. जो दुबळेपणा त्या काळी दोष वाटला, तोच आज ह्या वायूचा सर्वांत मोठा गुण ठरला आहे. पुरेशा प्राणवायूबरोबर दिलेला वायू रोग्याला शांत करतो, परंतु एकट्याने त्याला सहसा खोल गुंगीत लोटत नाही.

शुद्धीच्या चार पायऱ्या

जागेपणा आणि बेशुद्धी ह्यांच्यामध्ये एखादी भिंत असते, अशी आपली सामान्य समजूत असते. वस्तुतः ती एक उतरण आहे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये ह्या उतरणीच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या.

पहिल्या पायरीवर रोगी जागा असतो, नेहमीसारखे बोलतो, केवळ त्याचे मन स्वस्थ झालेले असते. दुसऱ्या पायरीवर तो पेंगुळतो. परंतु हाक मारली किंवा हलका स्पर्श केला की समजून उत्तर देतो आणि स्वतःचा श्वास स्वतः घेतो. तिसऱ्या पायरीवर त्याला सहज जागे करता येत नाही. वारंवार हलविले किंवा दुखविले तरच तो प्रतिसाद देतो आणि त्याचा श्वासमार्ग खुला ठेवण्यास मदत लागू शकते. चौथी पायरी पूर्ण भुलेची. तेथे वेदनेलाही प्रतिसाद नसतो आणि श्वासाची जबाबदारी बहुधा दुसऱ्याने घ्यावी लागते.

ह्या पायऱ्यांच्या मध्ये कठडे नाहीत, ही ध्यानात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट होय. एकच मात्रा एका माणसाला दुसऱ्या पायरीवर ठेवील, तर दुसऱ्याला तिसऱ्या पायरीवर नेईल. म्हणून असा नियम आहे की, रोग्याला ज्या पायरीवर न्यावयाचे असेल, तिच्या खालच्या पायरीवर तो चुकून घसरला तरी त्याला सावरता येईल इतके ज्ञान व साधने देणाऱ्यापाशी असली पाहिजेत. शामक औषधाची सुरक्षितता औषधाच्या नावापेक्षा ह्या तयारीवर अधिक अवलंबून असते.

दंतोपचारात ही तयारी विशेष महत्त्वाची ठरते. पायावर शस्त्रक्रिया चालू असता वैद्याचे हात पायाशी आणि रोग्याचा श्वास नाकातोंडाशी असतो. दंतवैद्य मात्र ज्या वाटेने रोगी श्वास घेतो, त्याच वाटेच्या तोंडाशी काम करीत असतो. पाणी, रक्त, दाताचा तुकडा घशाकडे जाऊ शकतो. जागा माणूस तो खोकून बाहेर टाकतो. गुंगीतील माणसाचा खोकला जितका मंद, तितका धोका अधिक.

नाकाने हुंगावयाचा वायू

पहिल्या पायरीचे उत्तम साधन नायट्रस ऑक्साइड हेच आहे. नाकावर एक मऊ टोपण बसवितात आणि प्रथम केवळ प्राणवायू देतात. मग हळूहळू नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण वाढवितात. बहुतेक रोग्यांना तीस ते पन्नास टक्के वायू पुरेसा होतो. हातापायांना मुंग्या आल्यासारखे वाटते, अंग हलके किंवा ऊबदार वाटते आणि घड्याळाकडे लागलेले लक्ष निघून जाते. दंतोपचारासाठी बनविलेल्या आधुनिक यंत्रात प्राणवायूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. प्राणवायू संपल्यास दुसरा वायूही आपोआप बंद होतो.

हा वायू रक्तात फार थोडा विरघळतो. त्यामुळे फुप्फुसातील प्रमाण बदलले की मेंदूतील प्रमाणही काही मिनिटांतच बदलते. परिणाम लवकर दिसतो आणि लवकर ओसरतो. काम संपल्यावर काही मिनिटे निर्भेळ प्राणवायू दिला की प्रौढ रोगी बहुधा स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो.

तथापि नाक चोंदलेले असेल तर हा उपाय चालत नाही. लहान मूल नाकावरचे टोपण स्वीकारीतच नसेल तरीही तो निरुपयोगी ठरतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात. डोळ्याच्या काही शस्त्रक्रियांत आत वायूचा बुडबुडा ठेवलेला असतो. अशा रोग्याला हा वायू मुळीच देता कामा नये, कारण तो बुडबुड्यात शिरून डोळ्यातील दाब वाढवितो. आणखी एक गोष्ट आपल्या देशात विशेष लक्षात घ्यावी लागते. नायट्रस ऑक्साइड शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो. धडधाकट माणसाला एखाद्या बैठकीने अपाय होत नाही. परंतु शुद्ध शाकाहारी लोकांत ह्या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळदा आढळते. ती तीव्र असल्यास मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव असतो. म्हणून अशी उणीव असल्यास ती दंतवैद्याला आधी सांगावी.

तोंडाने घ्यावयाची औषधे

काही औषधे उपचारापूर्वी गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपाने देतात. १९६३ मध्ये प्रचारात आलेले डायझेपाम आणि त्याच वर्गातील मिडाझोलाम ही त्यांची उदाहरणे होत. मेंदूतील पेशींच्या खळबळीला आवर घालणारे गाबा नावाचे एक द्रव्य मेंदूतच असते. ही औषधे त्याचा प्रभाव वाढवितात. भय कमी होते, झापड येते आणि घडलेल्या गोष्टींची आठवणही पुसट राहते.

सुई नको असणाऱ्याला हा उपाय सोपा वाटतो, परंतु त्यात एक अवघड गोष्ट दडलेली आहे. पोटातून औषध किती व केव्हा रक्तात उतरेल ह्याचा नेमका अंदाज करता येत नाही. अर्धा तास झाला तरी गुण दिसत नाही म्हणून दुसरी मात्रा द्यावी आणि थोड्या वेळाने दोन्ही मात्रांचा परिणाम एकदम व्हावा, असे घडू शकते. एकदा गिळलेले औषध मागे घेता येत नाही. म्हणून अशी गोळी केवळ वैद्याच्या सूचनेवरूनच घ्यावी. घरात दुसऱ्या कोणासाठी आणलेली झोपेची गोळी घेऊन दंतवैद्याकडे जाणे अत्यंत धोक्याचे आहे. मद्य किंवा अफूच्या वर्गातील वेदनाशामके तिच्या जोडीला आली तर श्वास मंदावण्याचा धोका कितीतरी वाढतो.

शिरेतून द्यावयाची औषधे

दुसऱ्या पायरीवर रोग्याला अचूक नेण्यासाठी शिरेतून औषध देणे हा मार्ग अधिक विश्वासार्ह आहे. मिडाझोलाम अगदी थोडे द्यावे, परिणाम पाहावा, मग आणखी थोडे द्यावे, अशी ही रीत आहे. पापण्या जडावल्या, बोलणे किंचित मंदावले, परंतु ‘तोंड उघडा’ म्हटल्याबरोबर रोगी तोंड उघडतो, येथे थांबावयाचे असते. हाकेला येणारे हे उत्तर श्वास सुरक्षित असल्याची एक महत्त्वाची खूण मानतात. फ्लुमाझेनिल नावाच्या उताऱ्याने ह्या औषधाचा परिणाम परतविता येतो. परंतु उताऱ्याचा प्रभाव मूळ औषधाच्या आधी संपू शकतो आणि गुंगी पुन्हा येऊ शकते. म्हणून उतारा दिल्यावरही रोग्यावर लक्ष ठेवावे लागते. प्रोपोफॉल हे औषध ह्याहून प्रबळ आहे. ते रोग्याला फार लवकर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर नेते आणि त्याला उतारा नाही. भूलशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच ते द्यावयाचे असते.

ह्या उपचारात नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू सतत मोजतात. बोटाला लावावयाच्या चिमट्याने प्राणवायू मोजण्याची युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी ह्यांच्या १९७४ मधील शोधातून निघाली. ह्या चिमट्यात तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात आणि रक्ताने त्यांपैकी किती शोषले ह्यावरून प्राणवायूचे प्रमाण ठरते. परंतु हे साधनही एकटे पुरेसे नाही. रोग्याला जादा प्राणवायू दिला जात असेल, तर श्वास थांबल्यावरही काही काळ चिमट्यावरचा आकडा चांगलाच दिसत राहतो. म्हणून खोल गुंगीत उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडही मोजतात, कारण श्वास थांबला की तो तत्काळ दिसेनासा होतो. आणि हे सर्व पाहण्यासाठी, दात काढणाऱ्या दंतवैद्याखेरीज, दुसरी प्रशिक्षित व्यक्ती तेथे असावी लागते.

पूर्ण भूल केव्हा

रुतलेल्या अनेक अक्कलदाढा, जबड्याचे मोठे काम, फारच लहान वयात बहुतेक दात किडलेले मूल किंवा व्यंगामुळे सहकार्य करू न शकणारी व्यक्ती, अशा प्रसंगी पूर्ण भूल योग्य ठरते. परंतु ती कोठे द्यावी, ह्याचा धडा ब्रिटनच्या अनुभवातून घेता येतो. तेथे शाळकरी मुलांचे दात काढण्यासाठी दंतवैद्याच्या खोलीतच पूर्ण भूल देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. काम थोडक्या वेळाचे असे आणि बहुतेक वेळा सर्व सुरळीत पार पडे. तथापि एका दाताच्या कामासाठी निरोगी मुलांचे मृत्यू घडल्याची उदाहरणेही होती. प्राध्यापक डेव्हिड पॉसविलो ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९० मध्ये पूर्ण भूल शक्य तेथे टाळावी असे सुचविले, १९९८ मध्ये नियम अधिक कडक झाले आणि २००१ च्या अखेरीनंतर दंतोपचारासाठी पूर्ण भूल अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच द्यावी असे ठरले.

मुलांच्या बाबतीत एवढी काळजी का, ह्याचे कारण त्यांच्या शरीररचनेत आहे. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासमार्ग अरुंद आणि फुप्फुसातील प्राणवायूचा साठा थोडा असतो. उलट वजनाच्या मानाने त्याचे शरीर प्राणवायू प्रौढापेक्षा अधिक वेगाने खर्च करते. श्वासात अडथळा आला तर हाताशी उरणारा अवधी त्यामुळे अगदी थोडा असतो.

निवड आणि पूर्वतयारी

सर्वांत आधीची पायरी औषधाशिवायची आहे. प्रथम सांगावे, मग साधन दाखवावे आणि नंतरच काम करावे, ही मुलांसाठी १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टन ह्यांनी मांडलेली रीत प्रौढांनाही लागू पडते. हात वर केला की दंतवैद्य थांबतील, एवढा विश्वास मिळाला तरी पुष्कळांचे भय निम्मे होते. तेवढ्याने भागले नाही तर वायू, त्यानेही भागले नाही तर शिरेतून औषध आणि सर्वांत शेवटी पूर्ण भूल. काम होण्यास पुरेशी असेल ती सर्वांत वरची पायरी निवडावी, हे येथील सूत्र आहे.

शामक घेण्यापूर्वी दमा, हृदयविकार, झोपेतील मोठे घोरणे, गरोदरपण, चालू औषधे आणि पूर्वी भुलेने झालेला त्रास ह्यांची माहिती न लपविता द्यावी. पोटातील अन्न उलटून श्वासमार्गात जाऊ नये म्हणून शिरेतील शामकासाठी किंवा पूर्ण भुलेसाठी उपाशी राहावयास सांगतात. सामान्यतः हलक्या आहारानंतर सहा तास आणि पाण्यानंतर दोन तास जाऊ द्यावे लागतात. येथे एक चूक वारंवार होते. दुधाचा चहा पाण्यात गणला जात नाही. त्याची गणना अन्नात होते. सकाळी घेतलेला अर्धा कप चहा वैद्याला सांगितलाच पाहिजे. सोबत जबाबदार माणूस असावा. शिरेतील शामकानंतर चोवीस तास वाहन चालवू नये, यंत्रावर काम करू नये आणि महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. लहान मुलाचा ओठ बधिर असेतोवर तो चावला जाऊ नये म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावे.

रोग्याने आणि पालकांनी काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. मला कोणत्या पायरीवर नेणार आहात? औषध कोण देणार आणि माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार? प्राणवायू व श्वास देण्याची साधने ह्याच खोलीत आहेत काय? जाणता दंतवैद्य ह्या प्रश्नांनी रागावणार नाही, कारण तोही काम हाती घेण्यापूर्वी स्वतःला हेच प्रश्न विचारीत असतो. उत्तरे समाधानकारक असतील तर भयापोटी उपचार पुढे ढकलण्याचे कारण राहत नाही. ती तशी नसतील, तर सौम्य पायरीवर थांबावे अथवा मोठ्या रुग्णालयात जावे. दाढ मात्र वेळेवर दाखवावी.